हिरडीकडून टोकाकडे

सेंगलाने नवऱ्याच्या हनुवटीखाली अंगठा टेकवला आणि दोनदा हलकेच दाबला. इन्ताने तोंड उघडलं.

"एवढंसं काय? नव्या नवरीसारखा लाजतोस कशाला? मोठा आ कर."

तोंड आणखी थोडं उघडलं. पाणी घशात उतरू नये म्हणून तिने त्याला कुशीवर वळवून पाठीशी उशी लावली होती. गालाखाली टॉवेल होता. ब्रशच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली होती, कारण तिच्याही बोटांची पकड आता पूर्वीची राहिली नव्हती. भाताच्या शिताएवढी पेस्ट घेऊन तिने मागच्या दाढेपासून सुरुवात केली. वरचे दात वरून खाली, खालचे खालून वर. हिरडीकडून टोकाकडे, उलटं कधीच नाही. बाहेरची बाजू झाल्यावर आतली. सगळ्यात शेवटी खालच्या पुढच्या दातांची पाठ, जिथे जिभेआड सगळ्या जगाचा आळस साचतो. तिथे ब्रश उभा धरावा लागतो. मग ओल्या फडक्याने हिरड्या आणि जीभ पुसून तिने त्याला पुन्हा पाठीवर वळवलं, एका दातावरून नख ओढलं आणि ते खिडकीच्या उजेडात धरलं.

नखात काही आलं नव्हतं.

"बघ," तिने नख त्याच्या डोळ्यांपुढे नेलं. "काही नाही. कुणाच्या बापाची हिंमत आहे इथे थर साचवायची?"

इन्ता छताकडे बघत राहिला. तीन वर्षं तो छताकडेच बघत होता. झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डावा हात शाबूत होता. व्यायाम शिकवणारी मुलगी त्या हातात रबरी चेंडू देई आणि इन्ता तो सोडून देई. "हातात जोर आहे, आजी, मनात नाही," असं म्हणून ती मुलगी हळूहळू यायची बंद झाली. गावात लोक म्हणत, इन्ता गेला, नुसतं शरीर मागे राहिलंय. म्हणत हळू आवाजात, पण हळू आवाजातलं बोलणंच गावात लांबवर पोचतं.

सेंगलाला ते बोलणं मिरचीसारखं झोंबे. "गेला असता तर मी अंगठा लावल्यावर तोंड उघडलं असतं का त्याने?" ती विचारी. यावर लोक मान हलवत. ती मान हलवणं तिला बोलण्यापेक्षा जास्त लागे.

जिन्याखाली स्कूटर थांबल्याचा आवाज आला. वन्फेन वर आली. वन्फेन ही गावची आरोग्य-स्वयंसेविका, रक्तदाब मोजायचं यंत्र आणि गावभरच्या बातम्या एकाच पिशवीतून वाहणारी. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांना ती उय म्हणे, तशी हिलाही म्हणे; पुरुषांना आदराने कधी पोउयही.

"उय, नाव दिलंय मी पोउय इन्ताचं," ती धापा टाकत म्हणाली. "पण खरं सांगू का? ऑफिसात सगळे हसले."

"हसू देत. दात असलेले हसतात, नसलेल्यांनी काय करायचं?"

"तसं नाही हो. स्पर्धेत दात कसे घासता ते स्वतः करून दाखवावं लागतं. दरवर्षी असतं."

"माहीत आहे. तीन वेळा जिंकलेल्या माणसाची बायको आहे मी."

वन्फेनने इन्ताचा रक्तदाब मोजला आणि ती निघाली.

सोंगक्रानच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाच्या, आधीच्या आठवड्यात देवळाच्या मंडपात म्हाताऱ्यांच्या दातांची स्पर्धा भरते. दात स्वतःचे हवेत, एवढी पहिली अट. इन्ता त्या स्पर्धेचा राजा होता. त्याचं न्हाव्याचं दुकान बाजारातल्या चिंचेखाली होतं: एक खुर्ची, एक आरसा, आणि आरशाभोवती लटकवलेले, स्पर्धेत जिंकलेले, खांद्यावरून घालायचे तीन पट्टे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, की तो डाव्या हाताच्या चिमटीत त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवी, आणि दाढी राहायची बाजूला, आधी दात बघे. "नखाने खरवड," तो म्हणे. "पांढरं काय आलं? भात नव्हे तो. तो थर आहे. आज मऊ आहे, तुझ्या हातात आहे. पडून राहिला की त्याचं किटण होईल, दगडासारखं, मग तुझ्या बापाच्यानेही निघायचं नाही, डॉक्टरकडेच जावं लागेल." मग तो डावा तळहात मागे पसरून बायकोकडून वस्तरा मागे. "आणि घासायचं कसं? दाढी करतो तसं. केसाच्या कलाने. हिरडीकडून टोकाकडे."

वस्तरा देणारी बायको मात्र हसे. तिच्या गालात सदा मियांगचा गोळा असे, आंबवलेल्या चहाच्या पानांचा, वर साखर लावलेला. "माझे दात, माझा गाल," ती म्हणे. तो रोज बोले, ती रोज हसे. मग एकेक करून तिचे सगळे दात गेले. कवळी बसवायला इन्ताच तिला घेऊन गेला, आणि येताना एका शब्दानेही म्हणाला नाही, की मी सांगत होतो. चाळीस वर्षं बडबडणारा माणूस त्याच दिवशी गप्प बसला, याचा राग तिला अजून होता.

तो पडला तेव्हा पहिले काही महिने दातांचा विचार कुणाच्या मनात आला नाही. पेज खाणाऱ्याचे दात कोण बघतं? मग ताप आला. छातीत कफ भरला. इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्याचा ओठ उचलून तिला आत बघायला सांगितलं. दातांवर पिवळा, बुळबुळीत थर चढला होता. पडून असणाऱ्याच्या तोंडातला हा थर फुफ्फुसात उतरतो, आजी, ते म्हणाले. सेंगला त्या दातांकडे बघत राहिली. इन्ताचे दात! तिला वाटलं, कुणी आपल्या घरातला देव्हारा उकिरड्यावर नेऊन ठेवलाय. आधी डॉक्टरांकडून किटण काढून घेतलं, आणि घरी आल्या दिवसापासून तिने ब्रश हातात घेतला. पुन्हा तसा ताप आला नाही.

स्पर्धेच्या दिवशी तिने त्याला दुकानातला पांढरा सदरा घातला, भांग पाडला आणि चाकाच्या खुर्चीत बसवून पिकअप गाडीतून देवळात नेलं. मंडपात गर्दी होती. उय दुआंग पुढच्या रांगेत पाय पसरून बसला होता. इन्ता जिंकायचा तेव्हा दरवेळी दुसरा यायचा तो हाच. गेली दोन वर्षं पहिला येत होता, पण बाजारातले लोक त्याला पट्टा अंगावर असतानाच ऐकवत, की इन्ता खाटेवर पडला म्हणून जिंकलास. त्यामुळे जिंकूनही त्याच्या तोंडाची चव गेलेली होती.

"काय सेंगला, राजाची मिरवणूक काढलीस?" तो म्हणाला.

"राजा आहे, तर मिरवणूक निघणारच. तू दात घासून आलायस ना? का आज पण दातांनी सुपारी फोडून दाखवणार आहेस?"

आजूबाजूचे हसले. दुआंगही हसला.

तपासायला तालुक्याच्या इस्पितळातली डॉक्टरीण आली होती. खिम तिचं नाव, वय एवढं कोवळं की म्हाताऱ्या तिला आधी खाऊ देत आणि मग तोंड दाखवत. ती कापसाच्या बोळ्याने सगळ्यांच्या दातांना गुलाबी रंग लावी आणि चूळ भरायला सांगे. स्वच्छ दातावरून रंग निघून जाई. जिथे थर असे तिथे लालभडक होऊन चिकटून बसे. भल्याभल्यांची फजिती त्या लाल रंगाने केली होती. दुआंगचे दात समोरून मोत्यासारखे निघाले, पण खालच्या दातांच्या पाठीला लाल पट्टी उमटली. "ती जागाच अवघड आहे," तो पुटपुटला.

इन्ताची पाळी आली. खिमने गोड बोलून पाहिलं, गालाला हात लावून पाहिला. ओठ मिटलेलेच.

"असं नाही, डॉक्टरीणबाई." सेंगलाने अंगठा टेकवून दोनदा दाबला. तोंड उघडलं. मंडपात कुजबुज झाली. रंग लावून झाला. चूळ भरता येत नव्हती म्हणून सेंगलाने ओल्या फडक्याने पुसून घेतलं. खिम आरसा घेऊन बराच वेळ आत बघत होती. मग तिने मान वर केली.

"शेवटच्या दाढेमागे टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका आहे. बाकी काही नाही. एवढे स्वच्छ दात मी आज पाहिले नाहीत."

सेंगलाचा ऊर भरून आला. त्यातही तो ठिपका तिला सलला. उद्या तिथे बोट पोचवायचंच, तिने मनाशी ठरवलं.

टाळ्या वाजायच्या आत दुआंग उभा राहिला.

"माझं ऐका. मी हरायला घाबरत नाही. तीनदा हरलोय, तेही याच्याकडून. पण हरवणारा माणूस तरी समोर असावा ना? आज मला इन्ता हरवत नाही. सेंगला हरवतेय."

कुणी हसलं नाही, कारण तो थट्टा करत नव्हता. खिम अवघडली. "नियम आहे, आजी," ती हळूच म्हणाली. "ज्याचे दात, त्याने स्वतःच्या हाताने दाखवायला हवं." आणि तिने दाखवण्यासाठी ठेवलेला कोरा ब्रश इन्ताच्या मांडीवर ठेवला, डाव्या हाताजवळ.

सगळे बघत होते. हात हलला नाही. इन्ता मंडपाच्या छताकडे बघत होता.

"त्याला सगळं समजतं," सेंगला म्हणाली. "सगळं." आपला आवाज चढलाय हे तिलाही कळलं. आणि तिला दिसली ती तीच सावकाश हलणारी मान, एक नाही, मंडपभर.

मागून एक म्हातारी ओरडली, "अगं, मग मास्तरणीचेच दात बघा की! घासते ती, तर परीक्षाही तिचीच!"

हशा पिकला. सेंगला चिडली, आणि चिडली की ती मागेपुढे बघत नसे. "बघा!" तिने आ केला. "लावा रंग! मी काय कुणाला भिते?"

खिम नको नको म्हणत होती, पण लोक ऐकतात थोडेच! शेवटी तिने हसत रंग लावला. सेंगलाने चूळ भरली, मान ताठ करून मंडपाकडे वळली आणि ओठ फाकवले.

कवळी वरपासून खालपर्यंत लाल झाली होती. एकही दात सुटला नव्हता.

"दिव्याखाली अंधार!" कुणीतरी म्हणालं, आणि मंडप हसून हसून वाकला. वन्फेनने तिला आरसा दिला, बिचारीने चांगल्या मनानेच दिला. सेंगलाने आत पाहिलं. सकाळी नळाखाली धरायची आणि पुन्हा तोंडात घालायची, यापलीकडे तिने त्या कवळीला कधी हात लावला नव्हता. कित्येकदा तशीच तोंडात ठेवून झोपी जायची. दिवसभर एकाच तोंडाची काळजी केली, दुसरं तोंड आहे हेच ती विसरली होती. पण हे कुणाला सांगायचं? सांगून काय होणार? तिला फक्त घरी जायचं होतं.

खुर्चीचा ब्रेक पुढच्या बाजूला होता. तो काढायला ती इन्तासमोर वाकली. लाजेने आणि रागाने तिला धाप लागली होती, तोंड उघडं होतं.

ब्रेक खटकन सुटला, आणि तिच्या हनुवटीला काहीतरी लागलं.

इन्ताचा डावा हात. अंगठा आणि दोन बोटं. त्या चिमटीने तिची हनुवटी धरली, थोडी उचलली आणि हळूहळू दाराकडे वळवली, उजेडाकडे. इन्ता छताकडे बघत नव्हता. तो तिच्या तोंडात बघत होता. त्याच्या कपाळावर आठी पडली होती.

मग हात खाली गेला. मांडीवर उलटला. तळहात वर, बोटं जराशी वाकलेली.

तो तळहात काय मागतोय, हे कुणाला सांगावं लागलं नाही. तिथल्या निम्म्याअधिक पुरुषांनी त्या खुर्चीत बसून आरशात तो पसरलेला पाहिला होता. वस्तरा दे.

सेंगलाने मांडीवरचा ब्रश उचलला आणि त्या हातात ठेवला.

पहिल्यांदा ब्रश तिच्या नाकाला लागला. ती हलली नाही. मग तो दातांवर आला, वरच्या हिरडीपाशी टेकला आणि खाली उतरला. पुन्हा वर जाऊन टेकला, पुन्हा उतरला. हिरडीकडून टोकाकडे. दात दुकानातले होते, हिरडी प्लास्टिकची होती, पण इन्ताने एकदाही उलटा फिरवला नाही. खालचे दात खालून वर. लाल रंग लाळेबरोबर तिच्या हनुवटीवरून ओघळत होता आणि ती पुसत नव्हती. शेवटी त्याने मनगट वाकडं केलं, फार कष्टाने, आणि ब्रश उभा धरून खालच्या दातांच्या पाठीला लावला.

दुआंग केव्हाच जवळ येऊन उभा होता. त्या उभ्या ब्रशकडे तो बघत राहिला. मग त्याने नाक पुसलं.

"डॉक्टरीणबाई, स्वतःच्या हाताने दाखवायचं असं नियमात आहे ना?"

"हो."

"कुणाच्या तोंडात, ते लिहिलंय?"

खिमने मान हलवली. नाही.

"मग बघत काय बसलात? लिहा त्याचं नाव." दुआंग मंडपाकडे वळला. "आणि पुढच्या वर्षी बघतो मी याला. आज हरलो म्हणून काय झालं, समोर माणूस तर आहे!"

संध्याकाळी वन्फेन बक्षिसाचा पंखा पोचवून गेली. पट्टा इन्ताच्या छातीवर तिरका पडलेला होता. सेंगलाने काढला नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला जिन्याखालून दिसावा म्हणून तिने खुर्ची मुद्दाम दाराशी लावली होती, आणि बरेच लोक काही काम नसताना त्या रस्त्याने गेले. प्रत्येकाला ती वरून हाक मारून विचारी, "जेवलात का?" आणि उत्तराची वाट न बघता इन्ताकडे बघे.

पेज भरवून झाली. तिने टॉवेल आणला, पाण्याचं भांडं आणलं, ट्यूब गुंडाळलेला ब्रश आणला. त्याला खाटेवर निजवून कुशीवर घेतलं आणि हनुवटीखाली अंगठा टेकवून दोनदा दाबला.

तोंड उघडलं नाही.

तिने पुन्हा दाबला. ओठ घट्ट मिटलेले. दिवा विझताना एकदा मोठा होतो म्हणतात, तसलं तर काही नव्हतं ना सकाळचं?

"इन्ता? अरे, मी आहे."

डावा हात उठला. बोट तिच्या तोंडाकडे गेलं, आणि मग तळहात वर होऊन टॉवेलवर पडला.

सेंगलाने पाठ फिरवून कवळी काढली, भांड्यात बुचकळली आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली. ब्रश त्याच्या हातात दिला.

"भाव खातोयस," ती बोळक्या तोंडाने म्हणाली, शब्दांतून वारा निसटत होता. "एक पट्टा काय मिळाला, लगेच भाव खायला लागलास."

इन्ताचं काम चाललं होतं. एका दातापाशी तो थांबला, पुन्हा वर गेला, पुन्हा घासला. तिचे हात भरून आले तरी तिने कवळी खाली होऊ दिली नाही. सगळं मनासारखं झाल्यावर त्याने ब्रश तिच्या हातात परत दिला.

आणि तिने अंगठा टेकवायच्या आधीच त्याने मोठा आ केला.